आचारी देऊन आणलेला निखाडे

मनोहर निखाडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो कंपनीच्या बसमधून उतरत होता आणि कॅम्पातली सगळी मराठी माणसं त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होती. त्याला कारण माहीत नव्हतं. हातातली बॅग त्यानं वाळूत ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि अस्सल नागपुरी सुरात विचारलं, "जेवायले काय आहे भाऊ आज?" स्वयंपाक करणारा माणूस त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या बसनं निघून गेला होता. निखाडे आमच्याकडे आला तो आमचा आचारी देऊन.

हे जरा नीट सांगायला हवं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आखातातल्या रुवैसला रिफायनरीचं काम चालू होतं आणि आमच्यासारख्या कितीतरी कंत्राटी कंपन्या तिथं तळ ठोकून होत्या. थंडी पडली की या कंपन्यांची क्लबच्या कोर्टावर बास्केटबॉलची स्पर्धा व्हायची. आमचा जनरल मॅनेजर अबू समीर पॅलेस्टिनी, आणि शेजारच्या कंपनीचा मॅनेजर त्याचा सख्खा साडू. साडूची टीम दर वर्षी कप न्यायची, कारण तिच्यात निखाडे होता. साडूची माणसं दर वर्षी मेसमध्ये ताटं आपटायची, कारण तिथला स्वयंपाक तोंडात धरवत नसे. आमच्याकडे चिपळूणचे तुकाराममामा होते. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि शुक्रवारच्या सुट्टीचं मटण यांच्या जोरावर ते आमची माणसं उन्हाळ्यातसुद्धा हसतमुख ठेवत. दोघे साडू एका शुक्रवारी एकत्र जेवायला बसले आणि उठले ते सौदा करूनच. त्या काळी तिथं माणसाला आपल्या मर्जीनं नोकरी बदलता येत नसे. स्पॉन्सरनं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या कंपनीनं, रिलीज दिला तरच. पण स्पॉन्सरच्या मनात आलं की सगळं झटपट. मामांना कोणी विचारलं नाही, आणि निखाडेलाही नाही.

आणि मलाही नाही. मी आमच्या टीमचा कॅप्टन होतो. माझ्यासारखे प्लॅनिंग इंजिनियर रुवैसला पोत्यानं होते. हेल्मेट घातलं की माझा शेजारीही मला ओळखत नसे. पण थंडीतले ते दोन-तीन महिने मी कोर्टावर उतरलो की लोक "शिर्के! शिर्के!" करून ओरडायचे. बायको सुनंदा आणि मुलगी मुग्धा पहिल्या रांगेत बसून ते ऐकायच्या. सांगलीच्या कॉलेजात कमावलेलं हे एवढंच मी समुद्र ओलांडून बरोबर आणलं होतं, आणि त्यात कोणी वाटेकरी आलेला मला चालणार नव्हता.

म्हणून निखाडे बसमधून उतरला तेव्हा मला तर बरंच वाटलं. त्याच्या टीमविरुद्ध आम्ही कधी खेळलोच नव्हतो. तिथवर पोचायच्या आतच दर वर्षी आमचा निकाल लागायचा, आणि मग रागानं मी पुढचे सामने बघायलाही जात नसे. त्यामुळे निखाडे म्हणजे कोणी ताडमाड गडी असणार अशी माझी समजूत होती. उतरला तो माझ्या खांद्याला लागेल एवढा. पोट किंचित सुटलेलं, केसांना चोपून तेल, पायात सपाता. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्याच्यापायी मामा दिले?" मी मनातल्या मनात अबू समीरला शाबासकी दिली.

ती शाबासकी मला चार दिवसांत परत घ्यावी लागली. पहिल्या सरावाला मी त्याला मुद्दाम कडेला उभं केलं. तो "बरं ना भाऊ" म्हणून उभा राहिला. बॉल त्याच्याकडे गेला आणि नंतर कुठं गेला ते कोणालाच कळलं नाही. कळलं तेव्हा तो माझ्या हातात होता आणि माझ्यासमोर बास्केट मोकळी पडली होती. निखाडे माझ्याकडे बघतही नव्हता. तो बुटाची नाडी बांधत होता. मी बॉल टाकला, आत गेला. सगळे ओरडले, "वा निखाडे!"

पुढची तीन वर्षं हे असंच चाललं. आयुष्यात मी जेवढे गुण केले नव्हते तेवढे त्या तीन हिवाळ्यांत केले, आणि त्यातला एकही माझा नव्हता. निखाडे स्वतः फारसे बास्केट करतच नसे. करायचा तेव्हा ज्याच्यावर केला त्याच्या पाठीवर हात ठेवून "सॉरी ना भाऊ" म्हणायचा, आणि तेही मनापासून. समोरचे धिप्पाड फिलिपिनो गडी चिडायचे सोडून हसायला लागायचे. मला मात्र तो एका बाजूला घेऊन समजावायचा, "कप्तानसाहेब, तुम्ही फक्त हात वर करून उभे राहा ना. बॉल येऊनच राहिला." उभं राहा! पंधरा वर्षं हा खेळ खेळलेल्या माणसाला हा ढेरपोट्या उभं राहायला सांगत होता. घरी येऊन मी सुनंदाला हे तावातावानं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग? तेवढं तरी जमतंय ना?"

मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. ऑफिसात बार चार्ट काढताना जळायचो, गाडी चालवताना जळायचो, देवापुढे उदबत्ती लावताना जळायचो. पहिल्याच वर्षी आम्ही कप जिंकला. अबू समीरनं तो माझ्या हातात दिला, कारण कॅप्टन मी, आणि फोटो काढणाऱ्याला म्हणाला, "हबीबी, वेट, वेट! कॉल निखाडे!" निखाडे तोवर कोर्टावरची वाळू झाडणाऱ्या पोरांबरोबर उभा राहून पाणी पीत होता. त्या फोटोत मी कप धरून उभा आहे आणि बघणारा प्रत्येक जण शेजारच्या बुटक्याकडे बघतो.

एकच गोष्ट मला धीर द्यायची. कॅम्पात निखाडेला कोणी जवळ करत नव्हतं. मामांच्या जागी रंगकामातला एक पोरगा भात शिजवायला लावला होता आणि त्याच्या पातळ डाळीचा प्रत्येक घास निखाडेच्या नावानं गिळला जात होता. कोर्टावर टाळ्या, मेसमध्ये पाठ. मी शुक्रवारी कॅम्पात गेलो की माणसं माझ्याभोवती जमत आणि म्हणत, "शिर्केसाहेब, कप काय चाटायचा काय?" मी गंभीर चेहरा करून मान डोलवायचो. निखाडे कोपऱ्यात एकटा बसून तीच डाळ निमूट ओरपायचा.

तेही फार दिवस टिकलं नाही, आणि ते गेलं ते आमच्या मॅथ्यूमुळे. मॅथ्यू कंपनीची व्हिसाची कामं बघायचा. सौदा झाला तेव्हा आमच्याकडे फिटरच्या व्हिसाची जागा शिल्लक नव्हती. मामा गेल्यानं आचाऱ्याची तेवढी रिकामी झाली होती. मॅथ्यूनं निखाडेला त्याच जागेवर घेतलं. निखाडे हाडाचा पाइप फिटर, पण त्याच्या लेबर कार्डावर लिहिलं होतं 'कुक'. मी विचारलं तर मॅथ्यू म्हणाला, "साब, पेपर में कुक है. ग्राउंड पे कुछ भी हो, कौन देखता है?"

एका सकाळी लेबर खात्याचा एक इन्स्पेक्टर कार्डं तपासायला आला. तरणाबांड, पायघोळ पांढरीशुभ्र कंदुरा, अत्तराचा घमघमाट, आणि वागायला अगदी सभ्य. त्यानं मेसमध्ये येऊन विचारलं, कुक कुठं आहे? मॅथ्यूला दरदरून घाम फुटला. साइटवर पिकअप पिटाळली आणि निखाडेला कव्हरऑल, बूट, हेल्मेटसकट आणून स्वयंपाकघरात उभं केलं. तिथं योगायोगानं मी होतो. खरं सांगायचं तर मी मजा बघायला थांबलो. इन्स्पेक्टरनं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि मॅथ्यूला म्हणाला, "कुक? यल्ला, लेट हिम कुक."

निखाडेनं हेल्मेट काढून भिंतीच्या खिळ्याला अडकवलं आणि मला विचारलं, "कप्तानसाहेब, बेसन आहे का हो इथं?" मग त्यानं पसाभर मिरच्या आणि लसूण ठेचला, कांदा उभा चिरला, तेलाचा डबा हात आखडता न घेता उपडा केला आणि झुणका केला. इन्स्पेक्टरनं एक घास घेतला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तो हसायला लागला, अजून एक घास घेतला आणि मॅथ्यूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वल्लाह, कुक! खलास!" आणि गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत कॅम्पातली नाइट शिफ्टची माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती.

तेव्हापासून दर शुक्रवारी निखाडे कॅम्पासाठी झुणका करायला लागला, कधी पाटवडीचा रस्सा. तुकाराममामांची सर नव्हती त्याला, पण हे म्हणायला कॅम्पात मी एकटाच उरलो होतो. माझ्याभोवती जमणारी माणसं आता त्याच्याभोवती बसून घाम पुसत जेवू लागली. माझा शेवटचा आधारही त्यानं बॉलसारखा अलगद काढून नेला, आणि माझ्यासाठी एक ताट वाढून ठेवलं.

उरलं माझं घर. निखाडेची बायको आणि दोन मुली नागपूरला होत्या. फिटरला फॅमिली व्हिसा मिळत नसे, आचाऱ्याला तर नाहीच नाही. सुनंदाला ते कळल्यावर तिनं त्याला जेवायला बोलावलं. मग तो महिन्यातून एकदा यायला लागला. दारातच सपाता काढायचा, सुनंदाला "वहिनी" म्हणायचा आणि पहिला घास खाऊन डोळे मिटायचा. मी लग्न झाल्यापासून सुनंदाच्या आमटीला डोळे मिटले नव्हते. ते तिनं मला बोलूनही दाखवलं.

मुग्धाचं तर विचारूच नका. नऊ वर्षांची पोर, आमच्याशी इंग्लिशमध्ये बोलायची, त्याच्याशी मात्र मोडकंतोडकं मराठी. डाव्या हातानं बॉल आपटायला मी तिला वर्षभर शिकवत होतो आणि दर वेळी ती रडून घरात पळायची. निखाडेनं तिच्या उजव्या हातात एक पिकलेला खजूर दिला. "हा चेंगरला नाही पायजे, समजलं का पोट्टी? आता दुसऱ्या हातानं खेळ." खजूर सांभाळायच्या नादात तिचा डावा हात आपोआप चालू लागला. संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाबा, निखाडे अंकल डझन्ट इव्हन लुक ॲट द बॉल. व्हाय डू यू लुक सो मच?" मी म्हटलं, "गृहपाठ झाला का?" आणि टीव्ही लावला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सहकारी नेले, कॅम्प नेला, ते एक वेळ चालेल. पण माझी मुलगी माझ्याकडे बघून दुसऱ्याचा खेळ आठवत होती.

एकदा सामना जिंकून मी त्याला गाडीतून कॅम्पात सोडत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "निखाडे, तुला कधी वाटत नाही का, आपण कॅप्टन व्हावं म्हणून?"

"कायले?" तो चकित होऊन म्हणाला. "कप्तानाले टॉसले जावं लागते, भाषण द्यावं लागते, अबू समीरच्या जोकवर हसावं लागते. ते तुमालेच जमते भाऊ. मी आपला खेळून राहिलो."

मी हार मानली नाही. म्हटलं, "बरं, ते जाऊ दे. माझी बायको-मुलगी इथं आहे, तुझी तिकडं. मग आमच्याकडे आलास की पोटात तुटत नाही? थोडासुद्धा हेवा वाटत नाही?"

तो बाहेर रिफायनरीच्या ज्वाळेकडे बघू लागला. आता म्हणेल, मला वाटलं. एकदा तरी म्हणेल, आणि मग आमची फिट्टंफाट होईल. तो म्हणाला, "तुटते ना भाऊ, कसं नाही तुटणार? पण ते माह्या पोट्ट्यांसाठी तुटते. तुमचं पाहून तर बरंच वाटते. निदान एकाचं तरी घर इथं आहे." आणि खिडकीची काच खाली करून वारा खात बसला. म्हणजे एवढंही त्यानं माझ्याकडे ठेवलं नाही. ज्याच्यावर जळावं त्यानं आपल्यावर थोडं तरी जळावं, एवढी किमान माणुसकी असते. निखाडेकडे ती नव्हती.

चौथ्या वर्षी रिफायनरीच्या फाटकावर नियम कडक झाले. ज्याच्या व्हिसावर जो हुद्दा, त्याच कामाचा पास. कुक असलेल्या माणसाला आत जाऊन पाइप जोडता येईना. निखाडे दिवसभर कॅम्पात बसून राहू लागला. अबू समीरनं सांगितलं, एक तर कायमचा आचारी हो, नाहीतर तुझी दुसरीकडे सोय बघतो. निखाडे म्हणाला, "झुणका मी हौसेनं करतो साहेब. पोटासाठी पाइपच जोडीन." अल ऐनला अबू समीरच्या दोस्ताची कंपनी होती. तिथं फिटरची जागा होती आणि बास्केटबॉलची हौसही होती. सौदा ठरला. निखाडेच्या बदल्यात आम्हाला एक अवजड गाड्यांचा ड्रायव्हर आणि दोन जनरेटर मिळाले. त्यातला एक चालूच होत नसे.

हे मॅथ्यूनं मला हसत हसत सांगितलं, आणि त्याच हसण्यात पुढचंही सांगून टाकलं. "साब, अबू समीर ने पहले आपका नाम दिया था. बोला, कॅप्टन ले लो, लंबा आदमी है, एक ही जनरेटर दे दो. वो लोग बोला, नहीं, ये अपने पास रखो."

निखाडे जाणार याचा आनंद करायची किती दिवस तयारी केली होती मी, आणि ऐन वेळी हा जनरेटर मध्ये आला.

जनरेटर घेऊन आलेल्या पिकअपमधूनच त्याला नेलं. कॅम्पातली सगळी माणसं फाटकाशी आली होती. सुनंदानं त्याला लाडवांचा डबा दिला. मुग्धा आलीच नाही. खोलीचं दार लावून बसली होती. निखाडेनं सगळ्यांना आला होता तसाच नमस्कार केला. मला वाटलं, मला काही वेगळं म्हणेल. त्यानं माझा दंड धरून बाजूला नेलं आणि म्हणाला, "कप्तानसाहेब, त्या सलीमले बॉल देजा तं डावीकडून देजा. उजवीकडून त्याले नीट दिसत नाही, पण लाजेपायी सांगत नाही तो." मग तो पुढच्या सीटवर चढला, डबा मांडीवर घेतला, पिकअप गेली. मी सलीमबरोबर पाच वर्षं खेळत होतो.

त्या हिवाळ्यात कोर्ट पुन्हा माझं झालं. लोक "शिर्के! शिर्के!" करून ओरडले. मी सलीमला डावीकडून बॉल दिले, बाकी होतं नव्हतं ते सगळं केलं आणि आम्ही पहिल्याच फेरीत घरी गेलो. कोणी वाईट बोललं नाही. पहिल्या रांगेत सुनंदा एकटीच होती. मुग्धानं सांगितलं होतं, "इट्स नॉट द सेम, बाबा." तिला रागवायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला तिचं पटलंय. ओरडणं तेच होतं, पण माझ्या कानांना ते आता भात शिजवणाऱ्या त्या पोराच्या डाळीसारखं लागत होतं.

शेवटी दोघींनी हट्टच धरला. एका शुक्रवारी पहाटे निघून आम्ही अल ऐनला गेलो. त्याच्या टीमचा सामना होता. खजुराच्या बागेला लागून कोर्ट, चांगली सावली, रुवैसपेक्षा थंड हवा. निखाडे निळ्या जर्सीत होता, पोट आणखी थोडं सुटलेलं. मुग्धाला बघून त्यानं दोन्ही हात वर केले आणि त्याच क्षणी पाठीमागून आलेला बॉल न बघता कोणाकडे तरी ढकलला. ज्याच्याकडे गेला तो त्यांचा कॅप्टन, एक उंचापुरा देखणा केरळी इंजिनियर. त्यानं बॉल टाकला, आत गेला, आणि सगळं कोर्ट ओरडलं, "निखाडे!" तो कॅप्टन तोंड फिरवून उगाच जर्सीनं कपाळ पुसत राहिला. ते कपाळ कोरडं होतं, हे तिथं फक्त मला कळलं.

सामना संपल्यावर निखाडे मुग्धाला घेऊन मोकळ्या कोर्टावर गेला. सुनंदाही त्यांच्यामागं गेली. तो केरळी माझ्याशेजारी येऊन बाकावर बसला. कोणीतरी त्याला मी कोण ते सांगितलं असावं. मग त्यानं माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "तीन साल आप इसके साथ खेले. आदत हो जाती है क्या?"

"नहीं," मी म्हटलं.

त्यानं सुस्कारा सोडला आणि मान खाली घातली. बिचारा अगदी पिळवटून गेला होता. त्याला धीर द्यायला हवा होता, आणि मला ते जमलंही असतं. त्या दुखण्याचा माझ्याइतका जाणकार दुसरा कोण होता? पण हा माणूस उद्या पुन्हा निखाडेबरोबर सरावाला येणार होता. परवाही येणार होता. अजून किती हिवाळे त्याला रोज संध्याकाळी असं जळायला मिळणार होतं. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी उठून गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. रुवैसपर्यंत चार तासांचा रस्ता होता, आणि तिथं जळावं असं माझ्यासाठी कोणीच उरलं नव्हतं.